आरपार दगड

मी डॉक्टर झाले नाही, हे आधीच सांगून टाकते. लातूरला क्लास लावून, खाटेखाली ट्रंक सरकवून, डब्यातली पाणचट आमटी दोन वर्षं गिळून जी पोर डॉक्टर होत नाही, तिच्याकडं आमच्या भागात माणसं जरा जपून बघतात, घरात काही आजार असल्यासारखं. बघू देत. अकरावीच्या वर्षी मी रविवारच्या चार टेस्ट बुडवल्या. तीन बुडाल्यावर सरांनी मला सगळ्या वर्गासमोर उभं करून विचारलं, कशापायी बुडवल्या. मी म्हटलं, "वडिलांना दगड दाखवायला नेलं होतं." वर्ग हसला. सरही हसले. मला इतका राग आला की पुढचं काही मी सांगितलंच नाही. ते आता सांगते.

माझ्या वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. किल्लारीपासून दोन कोसांवर आमचं गाव, आणि त्या पट्ट्यात दगडी भिंतीचा मिस्त्री म्हटलं की आप्पांचंच नाव निघायचं. काळ्या दगडाची, मातीत बसवलेली, दोन-अडीच हात रुंद भिंत आणि वर मातीचं सपाट छत, म्हणजे माळवद, अशी आमच्याकडची घरं. आप्पा दगड हातात फिरवून त्याचं तोंड कुठल्या अंगाला आहे ते बघायचे आणि दोन ठोक्यांत ते तोंड काढायचे. लहानपणी मला वाटायचं, दगड त्यांना घाबरतो.

मग भूकंप झाला. त्या रात्री उकडतं म्हणून आम्ही अंगणात झोपलो होतो, म्हणून वाचलो. माझा काका, म्हणजे आप्पांचा धाकटा भाऊ, शेजारच्या नव्या घरात झोपला होता. ते घर आप्पांनीच बांधलं होतं, काकाचं लग्न ठरलं तेव्हा, त्याच्यासाठी. काकू तेव्हा माहेरी होती. काकाला बाहेर काढायला दुपार झाली. याबद्दल मी एवढंच लिहीन. जास्त लिहवत नाही.

पुढं नवं गाव वसलं, सिमेंटची घरं मिळाली, लोक हळूहळू आपापल्या कामाला लागले. आप्पांनी मात्र दगड सोडला. हातोडा, छिन्न्या, ओळंबा, सगळं ढिगाऱ्यावर टाकून दिलं. "दगडानं माणूस खाल्लं," एवढंच म्हणाले. दगडी छताच्या देवळातसुद्धा जाईनात, बाहेरूनच हात जोडायचे. मला दहावीला बरे मार्क पडले तेव्हा आई गावात राहिली आणि माझ्या क्लासमागं आप्पा लातूरला आले. लातूरला तेव्हा जिकडं बघावं तिकडं पोरांसाठी होस्टेल उठत होतं. खाली दुकान, वर खोल्या, खोलीत चार-चार खाटा. अशा एका इमारतीवर आप्पा वॉचमन म्हणून लागले. सकाळ-संध्याकाळ पाइप धरून कॉलमला पाणी मारायचे. ज्या माणसाच्या हाताखाली दहा गवंडी असायचे तो माणूस! मला ते बघवायचं नाही. मी रोज मेसचा डबा घेऊन जायचे आणि रोज भांडून यायचे.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील. काकूचे वडील त्या साईटवर आले. काकू भूकंपानंतर माहेरीच राहिली होती, रेणापूरकडच्या एका गावात. त्यांचं घर पडलं नव्हतं, पण हाललं होतं. म्हातारा विटांच्या चवडीवर टेकला, पाणी प्याला आणि म्हणाला, "आमच्या वरल्या अंगाच्या भिंतीला पोट आलंय, फुगलीया. उन्हाळ्यात नीट केली न्हाई तर येत्या पावसात बसंल. घरात पाच माणसं हायती. मिस्त्री गावात मिळतोय, पण पोरगी कुणाला हातच लावू देईना. म्हणती, करायची तर त्यांनीच करायची."

त्यांनीच, म्हणजे आप्पांनी.

आप्पा पाइप बघत उभे राहिले. "मी दगड सोडला, मामा."

"तिला सांगितलं तसं. ऐकत न्हाई."

"मग मी काय करू?"

म्हातारा टोपी सारखी करून उठला. बस पकडायला निघून गेला. मी तिथंच डबा घेऊन उभी होते. मी म्हटलं, "आप्पा, भिंत पडली तर काकू मरंल." ते म्हणाले, "माझ्या हातची भिंत असली तरीबी मरंल." आणि परत पाणी मारायला लागले.

मी तशीच होस्टेलवर आले आणि जेवले नाही. राग आला की मला भूक लागत नाही, हे एक माझं बरं आहे. खाटेवर बसून विचार केला. हा माणूस असं धरून बसलाय की दगड म्हणजे पडणारच. मग याला न पडलेला दगड दाखवायचा. आमच्या भागात त्याला काय तोटा? दहावीच्या भूगोलात एक धडा होता, आपलं सगळं पठार म्हणजे थिजलेला लाव्हा, थरावर थर. त्या थरांवर किल्ले उभे आहेत, डोंगरात लेणी आहेत, नद्या त्यावरून उड्या मारतात. शेकडो वर्षं झाली, त्यातलं किती पडलं? मी वहीच्या मागच्या पानावर तीन नावं लिहिली. औशाचा किल्ला, सहस्रकुंडचा धबधबा, खरोशाची लेणी. खोलीतल्या एका पोरीनं वाचलं आणि म्हणाली, "सहल काढून राहिलीस का गं? टेस्ट हाय ना रविवारी." मी म्हटलं, "टेस्ट दर रविवारी असती."

औसा जवळ, म्हणून पहिला औसा. आप्पांना मी खरं सांगितलं नाही. क्लासनं किल्ल्यावर माहिती लिहायला सांगितली आहे, एकटीनं कसं जाऊ, अशी थाप मारली. क्लासवाले किल्ल्यावर कशाला लिहायला सांगतील? पण आप्पांना तेवढं कुठं ठाऊक होतं.

औशाचा किल्ला डोंगरावर नाही, सपाटीवर आहे. भोवती खंदक, मग दुहेरी तट, आणि जवळ गेल्याशिवाय तो दिसतसुद्धा नाही. आप्पा खंदकापर्यंत आले. दरवाजाची ती काळी कमान बघितली आणि जागच्या जागी थांबले. "तू ये जाऊन. मी हितं बसतो."

"आप्पा, मला एकटीला भ्या वाटतंय."

"तुला? तुला कशाचं भ्या वाटतंय? जा."

घ्या! माझी थाप माझ्याच गळ्यात. मी तणतणत आत गेले. आता आलेच आहे तर सगळं बघून जाईन म्हटलं, आणि बघितलं. गवतात पडलेली तोफ बघितली, पायऱ्या उतरून खाली गार अंधाऱ्या दालनात गेले, पायऱ्यांच्या विहिरीत वाकून बघितलं, तटावर चढून अख्खं औसा बघितलं. तटावरून खाली आप्पा दिसत होते. खंदकाच्या कडेला उकिडवे बसून भुईमुगाच्या शेंगा खात होते, किल्ल्याकडं पाठ करून. एवढ्या मोठ्या किल्ल्याकडं पाठ! मला वरूनच ओरडावंसं वाटलं. परतताना बसमध्ये मी एक शब्द बोलले नाही. त्यांनी उरलेल्या शेंगा माझ्यापुढं केल्या, त्याही घेतल्या नाहीत. पहिला रविवार असा फुकट गेला.

म्हटलं, चूक माझीच. भाजलेल्या माणसाला एकदम चुलीपुढं कशाला बसवायचं? जिथं छत नाही, कमान नाही, नुसता उघडा दगड आहे, अशा ठिकाणी न्यायला पाहिजे. म्हणजे सहस्रकुंड. पण ते नांदेडच्या पार पलीकडं, पैनगंगेवर. शनिवारी दुपारच्या बसनं नांदेड गाठलं, गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवलो, तिथंच मुक्काम केला. सकाळी रेल्वे. मुदखेडला गाडी बदलायची होती, तिथं दीड तास बाकड्यावर काढला. आप्पांनी या वेळी काही विचारलं नव्हतं. पण मुदखेडच्या फलाटावर चहा पिता पिता म्हणाले, "क्लासनं धबधब्यावरबी लिहायला लावलंय का?"

मी म्हटलं, "हाव."

"लई चांगला क्लास हाय," म्हणाले आणि कप खाली ठेवला. म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं!

स्टेशनवरून बरंच चालावं लागलं. आधी आवाज आला, मग नदी दिसली. पैनगंगा तिथं रुंद काळ्या कातळावर पसरत येते आणि एकदम खाली उडी घेते. पाऊस संपून दीड-दोन महिने झाले होते, तरी पाणी चांगलं होतं. अंगावर तुषार येत होते. पण आप्पा पाणी बघतच नव्हते. ते चप्पल काढून कातळावर उतरले होते आणि खाली वाकून हात फिरवत होते.

"ही भोकं बघ," म्हणाले. "असला दगड आमच्या खदानीत वरच्या थराला लागायचा. हलका. भिंतीला चालत न्हाई. ही भोकं कशाची असत्यात?"

माझा भूगोल कामाला आला. मी सांगितलं की हा दगड आधी पातळ होता, जमिनीच्या भेगांतून उकळत वर आला आणि पसरला. वाफेचे बुडबुडे आत अडकले तिथं भोकं पडली. थर थिजायचा, मग त्यावर दुसरा यायचा.

"म्हणजे पिठल्यावानी?"

"पिठल्यावानीच."

आप्पा हसले. भूकंपानंतर मी त्यांना हसताना बघितलंच नव्हतं, अगदी खरं सांगते. मग ते बोलायलाच लागले. कुठला दगड कच्चा, कुठल्याला नस आहे, नस धरून पहार लावली तर तो कसा सरळ फाटतो, आडवा मारला तर कसा चुरा होतो. अर्धा-पाऊण तास ते बोलत होते आणि मी ओल्या कातळावर बसून ऐकत होते. माझा सलवार-कुर्ता पार भिजला, पण मी उठले नाही. त्यांना कुठल्याही शब्दाला अडू द्यायचं नव्हतं. मला वाटलं, जिंकलं! आता खरोसा दाखवला की झालं. परतीच्या गाडीत मी खुशीत होते. आप्पा खिडकीला डोकं टेकून झोपले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक खडा होता, ते मी बघितलं आणि बोलले नाही.

खरोशाला जायला आप्पांचे जुने दोस्त मिळाले. मी त्यांना चाचा म्हणायचे. औशाचे. आधी ट्रॅक्टरनं खदानीतले दगड वाहायचे, आता काळीपिवळी जीप चालवायचे. त्यांना मी सगळं खरं सांगून ठेवलं होतं. ते म्हणाले, "बेटी, तू फिकर नको कर. मैं लाता उसको." रविवारी सकाळी औशाच्या स्टँडवर जीप लावून हजर. बाकीचे पॅसेंजर मधल्या गावांना उतरले आणि आम्ही तिघं खरोशाच्या टेकडीशी पोचलो.

खरोशाचा दगड वेगळा, तांबूस, भोकाभोकांचा, जांभा म्हणतात तो. त्या टेकडीच्या पोटात लेणी कोरली आहेत. जुनी म्हणजे किती जुनी, तर औशाचा किल्ला त्यापुढं पोर. किल्लारीपासून फार लांब नाही. त्या पहाटेला ही टेकडीही हालली असणारच, आणि लेणी आहेत तिथंच आहेत. माझा सगळा जोर या एका गोष्टीवर होता.

लेण्याच्या तोंडाशी आप्पा थांबले. मला ठाऊकच होतं. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. घामानं ओला होता. मी म्हटलं, "आप्पा, फक्त दोन पावलं." ते म्हणाले, "न्हाई." मी म्हटलं, "सहस्रकुंडला तर उतरलात ना?" ते म्हणाले, "तिथं डोक्यावर काय नव्हतं." माझा आवाज चढायला लागला. तेवढ्यात मागून चाचा सावकाश आले, बिडी विझवली, आणि म्हणाले, "अरे मिस्त्री, ये पहाड क्या तुम बांधे? फिर कायकू डरते?"

आप्पांनी चाचांकडं बघितलं.  मग खाली मान घालून चालत आत गेले. असे गेले की मीच मागं राहिले.

आत गारवा होता. जाड खांब, भिंतीवर झिजलेल्या मूर्ती, वटवाघळांचा वास. आप्पांनी एका खांबावर हात ठेवला. वरपासून खालपर्यंत चाचपला. मग भिंत आणि छत मिळतात तिथं टाचा उंच करून बोटं फिरवली. मग दुसरा खांब. मी त्यांच्या मागं मागं फिरत होते आणि माझं भाषण तयार होतं. मी सुरू केलं, "बघा आप्पा, दगडच हाय ना? आन किल्लारीच्या एवढ्या जवळ. पडला का? दगड काय माणसं खात न्हाई. भूकंप लई मोठा होता म्हणून..."

"येडी का काय तू?" आप्पा म्हणाले.

त्यांनी खांबावर तळहात आपटला.

"ह्याला सांधाच न्हाई. हे बांधलंय कुठं? डोंगर होता, मधलं उकरून काढलंय. ह्यात मिस्त्री कुठं हाय? हे पडलं न्हाई म्हणून भिंत पडत न्हाई, हे तुझं कुठलं गणित?"

 बरोबरच होतं त्यांचं. तीन रविवार, कितीतरी बस, रेल्वे, एक जीप आणि टेस्टचे मार्क, सगळं करून मी त्यांना जे दाखवायला आणलं ते मुळात चुकीचं होतं. हे आधी माझ्या डोक्यात कसं आलं नाही? मला रडूच फुटलं. रागानं. चाचा बाहेर निघून गेले. मी म्हटलं, "मग मी काय दाखवू तुम्हाला? ती भिंत पडून काकू मेल्यावर ती दाखवू?"

आप्पांनी खांबावरचा हात काढला. मग म्हणाले, "बांधलेलं दाखव. चल, औशाला चल."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण ते जीपकडं चालायलासुद्धा लागले होते.

दुपारी तीनच्या सुमारास आम्ही किल्ल्यावर होतो. या वेळी कमानीशी आप्पा थांबले नाहीत. मान खाली, पावलं भराभर, ओठ आवळलेले. आत आल्यावर श्वास सोडला, आणि सरळ तटाच्या कडेकडेनं चालायला लागले. तोफ बघितली नाही, विहीर बघितली नाही. त्यांना काहीतरी ठरावीक हवं होतं. आतल्या एका भिंतीचा तुकडा ढासळलेला होता, अर्धी भिंत उभी आणि तिचं पोट उघडं पडलेलं. तिथं जाऊन ते गुडघ्यावर बसले.

उघड्या भिंतीत सगळं दिसत होतं. बाहेरच्या अंगाला घडीव दगड, आतल्या अंगाला घडीव दगड, मधे चुन्यात कालवलेली खडी. आणि दर थोड्या अंतरावर एक लांबच लांब दगड, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत. आप्पांनी एकावर आपला हात आडवा ठेवला, बोटांच्या टोकापासून कोपराच्या वरपर्यंत.

"हे बघ," म्हणाले. "हिकडंबी तोंड, तिकडंबी तोंड. आरपार. हा दगड दोन्ही भिंतींना धरून ठेवतोय. हा नसला तर ती एक भिंत नसती, दोन असत्यात. नुसत्या एकमेकींना टेकून. धक्का बसला की एक हिकडं जाती, एक तिकडं, आन वरलं माळवद मधे येतंय."

मी विचारलं, "आपल्याकडं असा घालत न्हाईत?"

"घालायचा असतो. मला शिकवलंय. दर दोन हातांवर एक. पण लांब दगड खदानीत लवकर गावत न्हाई. गावला तर फोडताना निम्मे मोडत्यात. एक नीट काढायला अर्धा दिस जातोय. म्हणून आमच्याकडच्या सगळ्यांनी हळूहळू सोडून दिला. बाहेरून तर काय कळत न्हाई. आम्ही बाहेरून चेहरा चांगला द्यायचो. लोक चेहरा बघून वाहवा करायचे."

मग ते थांबले, आणि मला कळलं की आता काय येणार आहे. मला ते ऐकायचं नव्हतं.

"लग्नाला तीन हप्ते राह्यले होते. भावाच्या घरात मी एकबी घातला न्हाई. एकबी. बाकीच्यांच्या घरात चार-दोन तरी घालायचो. ह्याच्या घरात म्हटलं, घरचंच हाय, मागून बघू."

"आप्पा, जमीन अशी हालंल हे कुणाला ठाऊक होतं?"

"जमिनीचं मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "भिंतीचं ठाऊक होतं."

मी दगडाला निर्दोष सोडवायला निघाले होते. दगड सुटला आणि माझा बाप अडकला. इतकी वर्षं ते "दगडानं खाल्लं" म्हणत होते ते कशासाठी, हे मला तिथं, त्या उन्हात कळलं. आणि ते त्यांच्या तोंडून मीच ओढून काढलं होतं. परत येताना जीपमध्ये कुणी बोललं नाही. चाचांनी पैसे घेतले नाहीत. मी होस्टेलवर येऊन पांघरूण डोक्यावर घेतलं आणि स्वतःला शिव्या देत राहिले. काय गरज होती? एक माणूस कसाबसा जगत होता, पाइपानं पाणी मारत होता, मारू द्यायचं होतं.

तो आठवडा वाईट गेला. मी डबा घेऊन जायचे तेव्हा आप्पा साईटवर नसायचे. दुसरा वॉचमन म्हणायचा, आत्ताच गेले, कुठं ते सांगून गेले नाहीत. सरांनी वर्गात उभं केलं ते याच आठवड्यात. शनिवारी मी ठरवलं की आता आप्पांची माफी मागायची आणि काकूच्या गावाला दुसरा मिस्त्री शोधायचा, काकूला काय वाटायचं ते वाटो.

रविवारी सकाळी टेस्टला निघाले तर होस्टेलच्या दारात आप्पा. हातात पोतं. पोत्यात नवा हातोडा, चार छिन्न्या, ओळंबा. गंजगोलाईच्या बाजारातून आणलेलं सगळं, अजून तेलकट. म्हणाले, "आठ दिस खदानी हिंडलो. लांब दगड एका ठिकाणी गावलाय. सांगून ठिवलाय. चल."

"कुठं?"

"काकूकडं. मला एकट्याला जमायचं न्हाई. तू मधे लागशील."

मी मधे का लागणार, ते सांगते. आमच्याकडं धाकटी सून थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. एकाच खोलीत असली तरी पदर पुढं ओढून, पाठमोरी उभी राहून तिसऱ्याला सांगते, "त्यांना म्हणावं, जेवायला चला." दीरही तिसऱ्यालाच सांगतो. काकू आमच्या घरात नांदली तेवढ्या दिवसांत ती आप्पांशी एक शब्द थेट बोलली नव्हती. दोघांमधला टेलिफोन म्हणजे मी.

रेणापूरला बस बदलून आम्ही पोचलो तेव्हा काकू ओसरीवर तूर पाखडत होती. आप्पांना बघून तिनं पदर पुढं घेतला आणि उठून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिचे वडील बाज टाकायला धावले. आप्पा बसले नाहीत. वरल्या अंगाची भिंत बघायलाही गेले नाहीत. पोतं खाली ठेवलं आणि माझ्याकडं तोंड करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागले.

"हिला सांग, तिचा नवरा भूकंपानं गेला न्हाई. भिंतीत आरपार दगड लागतो, तो मी घातला न्हाई. ठाऊक असून घातला न्हाई. घाई होती, आन घरचंच हाय म्हणून कंटाळा केला. ही भिंत मी करायची का न्हाई, हे तिनं आता ठरवावं. न्हाई म्हणली तर मी दुसरा मिस्त्री आणून देतो आन त्याच्या हाताखाली दगड उचलतो."

  म्हातारा खाली बसला. कोंबड्या तेवढ्या पाखडलेल्या तुरीत शिरल्या आणि कुणी त्यांना हाकललं नाही.

काकू भिंतीकडून वळली. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं. ती माझ्याकडं बघत नव्हती.

"मला ठाऊक हाय, भावजी," ती म्हणाली. "त्या घरात मी खुंटी ठोकायची तर भिंत आतून पोकळ वाजायची. मी ह्यांना म्हणलं होतं. ह्यांनी मला गप केलं, म्हणले, दादाच्या कामाला नाव ठेवू नको."

 आप्पा माझ्याकडून तिच्याकडं वळले.

"मग मला कामून बोलावलंस?" त्यांनी तिला विचारलं. तिलाच, माझ्यातर्फे नाही, आणि ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"दुसऱ्या मिस्त्रीला कुठं चुकलं ते ठाऊक न्हाई," काकू म्हणाली. "तुमच्याकडून आता चुकायचं न्हाई."

मी रडत होते, हे मला आज सांगायला लाज नाही. काकू रडत नव्हती. आप्पा खाली वाकले, पोत्याची गाठ सोडायला लागले, ती सुटेना. शेवटी हातोडा काढून उभे राहिले. मग जुनी सवय, पुन्हा माझ्याकडं वळून म्हणाले, "हिला विचार, दगड घालायला आधी भिंत कुठून उघडू? आतून का बाहेरून?"

"मलाच इचारा," काकू म्हणाली. "आतून उघडा. त्या भिंतीला लागून मी झोपते."